खालचा बोल्ट

हे खरं आहे.

पटवून द्यायला मी बसलेली नाही. पटलं नाही तर पान बदला.

भुतं रात्री येतात, अमावास्येला येतात, असलं काही माझ्याकडे नाही. हे दुपारी घडलं. यंदाच्या उन्हाळ्यात, तंजावूरला, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत. जेवणं झालेली असतात, ऊन पांढरं पडलेलं असतं आणि कुत्रंसुद्धा सावलीबाहेर पंजा टाकत नाही, अशा वेळी.

आणि हे मी देवनागरीत लिहितेय ते मुद्दाम. आमच्या घरात सगळे मराठी बोलतात. पिढ्यान् पिढ्या बोलतायत. पण हे अक्षर कुणाला वाचता येत नाही. मी मोठेपणी माझी मी शिकले. आईला येत नाही. श्रीकरला येत नाही.

म्हणून लिहिता येतंय.

आम्ही तीन भावंडं. मी कनकलता, थोरली. घरीच ब्लाऊज शिवते. माझ्या पाठचा शिवराज. धाकटा श्रीकर. वडील नाहीत. आईचं नाव राजम.

शिवराजला एकच वेड होतं. मातीतली बाईक. उंच, हडकुळी, रस्त्यावर शोभत नाही अशी. वल्लमच्या बाजूला तांबड्या मुरुमाचं रान आहे, तिथं चढ-उतारांवरून उड्या मारायच्या. सोबत त्याचा मित्र प्रतापसिंह. वीज मंडळात इंजिनियर, तोंडानं फटकळ, पण मनानं बरा.

शिवराज घरात जेवलेलं ताट उचलायचा नाही. पण परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला की त्याचं सोवळं सुरू व्हायचं. सोवळं बोल्टांचं.

असली बाईक सारखी आपटते. आपटली की बोल्ट हळूहळू ढिले होतात. म्हणून दर वेळी सगळे तपासायचे. आणि अंदाजानं आवळायचे नाहीत. आधी साध्या रॅचेट पान्यानं बसवायचे, मग टॉर्क रेंचनं. टॉर्क रेंच म्हणजे लांब दांड्याचा पाना. किती जोर हवा तो आकडा दांडा फिरवून लावायचा. तेवढा जोर झाला की तो वाजतो.

टक्.

टक् झालं की थांबायचं. मग पांढऱ्या रंगानं बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट फिरलाय.

श्रीकर त्याच्या हाताखाली शिकत होता. दिवसभर ऐकू यायचं.

"डेय् श्रीकरा, टक् ऐकलंस?"

"ऐकलं अण्णा."

"खोटं. मी नाही ऐकलं. परत कर."

गेल्या वर्षीची खंडेनवमी. इथले तमिळ लोक आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवीपुढं ठेवायची. माझी कात्री गेली. शिवराजचे सगळे पाने गेले. एकदा पूजेत ठेवलं की हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा होते, त्यानंतरच उचलायचं. बाईकला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, जागोजागी चंदन आणि कुंकवाचे टिळे.

दसऱ्याच्या पहाटे शिवराज उत्तरपूजेला थांबला नाही. प्रतापसिंह दाराशी हॉर्न वाजवत होता. लिंबं चिरडून तो गेला.

वल्लमच्या रानात एका उडीनंतर त्याचं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं.

चाक थांबलं. शिवराज थांबला नाही.

मी रडले नाही. लोक रडत होते, मी त्यांच्या चपला बाजूला सारत होते. "देवाची मर्जी" म्हणणारे बरेच आले. त्यांना मी कॉफी दिली नाही.

सुतक लागलं आणि उत्तरपूजा राहिली. सुतक फिटल्यावर आईनं हत्यारं देवीपुढून उचलली नाहीत. देवघराचं कपाट तसंच्या तसं बंद केलं. किल्ली कमरेला.

"पूजा अर्धी राहिली," ती म्हणाली. "अर्ध्या पूजेंतलं हत्यार उचलत नाहीत."

मी नवी कात्री आणली.

श्रीकरचं बोलणं बंद झालं. म्हणजे तो 'हो' म्हणायचा, 'नको' म्हणायचा. तेवढंच. पुढं पोलिसांकडून बाईक सुटून आली. त्यानं ती शेडमध्ये लावली आणि प्रतापसिंहाचे पाने मागून आणून दुरुस्त करायला लागला. मी म्हटलं, करू दे. हाताला काम आहे. माणूस कामानं जगतो, निदान असं म्हणतात.

मग ती दुपार.

मी मशीनवर होते. आई आडवी झाली होती. गल्ली गप्प होती.

परसातून आवाज आला...

क्रर्र. क्रर्र. टच्.

क्रर्र. क्रर्र. टच्.

हा आवाज मी झोपेतही ओळखीन. शिवराजच्या रॅचेटचा एक दात तुटलेला होता. दर फेरीला तो तिथं अडखळायचा. टच्.

मला वाटलं, आईनं कपाट उघडून दिलं श्रीकरला. बरं झालं. मी शिवता शिवता हाक मारली, "श्रीकरा, ऊन बघ की. आत ये."

"काय अक्का?"

आवाज माझ्या मागून आला.

तो मधल्या खोलीच्या दारात उभा होता. नुकता झोपेतून उठलेला. गालावर चटईचे वळ.

परसात अजून चालूच होतं.

क्रर्र. क्रर्र. टच्.

मी उठून गेले. शेडचं दार लोटलं आणि...

आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. बाईक स्टँडवर उभी. पत्रा तापलेला, आत भट्टी. आमच्या शेडवर दुपारी कावळा येऊन बसतो, पत्र्यावर नखं वाजवतो. तो नव्हता. माश्या नव्हत्या. ऑइलच्या डब्याभोवतीच्या मुंग्यासुद्धा नव्हत्या.

मी देवघरात जाऊन कपाट बघितलं. कुलूप होतं. काचेतून आत दिसत होतं. रॅचेट होतं. टॉर्क रेंच होता. चंदन वाळून पापुद्रे झालेलं. धूळही हललेली नव्हती.

मागे वळले तर श्रीकर.

"अण्णा आहे," तो म्हणाला. भात वाढ म्हणावं तसं.

"काय बोलतोस?"

"रोज येतो. मी बोल्ट बोटानं चढवून ठेवतो. दुपारनंतर आवळलेले असतात."

"आणि तू काय करतोस?"

"काही नाही. अण्णा करतोय की."

तो हसला. शिवराज गेल्यापासून पहिल्यांदा. मला ते हसू आवडलं नाही.

मी भुताला भीत नाही. स्पष्ट सांगते. मेलेल्या माणसानं मला आजवर काही केलं नाही, जे केलं ते जिवंतांनी. पण मी त्या हसण्याला भ्याले. लगेच प्रतापसिंहाला फोन केला. भुताचं बोलले नाही. म्हटलं, येऊन बाईक बघून जा.

तो रविवारी आला. आल्या आल्या सुरू.

"काय कनका अक्का, कॉफी देणार का आजही 'देवाची मर्जी'वाल्यांच्या रांगेत उभा करणार?"

"आधी बाईक बघ."

त्यानं पुढच्या भागाच्या एका बोल्टला पाना लावला. सोडवायला जोर केला.

बोल्टचं डोकं त्याच्या हातात आलं.

तुटून. उरलेला भाग आतच राहिला.

प्रतापसिंहानं ते डोकं उन्हात धरून बघितलं. दुसरा बोल्ट सावकाश सोडवला. त्याची मान बारीक झालेली, आटे ताणलेले, ओढलेल्या पिठासारखे.

"डेय्," तो श्रीकरला म्हणाला, "बाईकवर राग काढतोस काय? एवढं आवळून पदक मिळतं का?"

"मी नाही आवळलं."

"मग कुणी? तुझ्या आजोबानं?"

प्रतापसिंहानं आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा विनोद तिथंच संपला.

मी विचारलं, "घट्ट असलेलं बरं ना?"

"नाही अक्का. बोल्टाला पैलवानी चालत नाही. हवा तेवढा ताण दिला की तो धरून ठेवतो. जास्त दिला की आतून तुटायला लागतो. ढिला बोल्ट खडखडतो, आपल्याला कळतं. जास्त आवळलेला गप्प असतो. सगळं सहन करतो आणि एका धक्क्याला मान टाकतो."

त्यानं सगळे बोल्ट बदलले. स्वतःचा टॉर्क रेंच आणला. टक्. टक्. टक्. प्रत्येकावर पांढरी रेघ ओढली. अंगणातल्या माडाचे नारळही काढून दिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ह्याला डॉक्टर दाखव." बरोबरच होतं. पण रेघा दुसऱ्या दिवशी तुटलेल्या होत्या.

दुपारी आवाज आला. मी मशीन थांबवून ऐकत बसले. क्रर्र, क्रर्र, टच्. एक बोल्ट. मग दुसरा. मी वाट बघत होते, आता टक् होईल. आता थांबेल.

टक् आलं नाही.

नुसतं आवळणं. अजून. अजून थोडं. आवाज जड होत जायचा, दात खाल्ल्यासारखा... आणि मग पुढचा बोल्ट.

शेडमध्ये जाऊन बघितलं. एकाही बोल्टाची रेघ सरळ नव्हती. डोक्यावरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे. सगळे बोल्ट एकाच बाजूला सरकलेले. घट्ट होण्याच्या बाजूला.

त्या संध्याकाळी श्रीकर माझ्याजवळ येऊन बसला. आपणहून.

"अक्का, तमिळ नववर्षाला वल्लमला पोरांची शर्यत आहे. मी उतरतोय."

"ह्या बाईकवर?"

"हो."

"प्रताप काय म्हणाला ऐकलंस ना? तुटेल ते."

"अण्णानं आवळलंय."

"श्रीकरा, तुटेल."

"तुटलं तर तुटलं."

माझा हात उठला होता. मारलं नाही. कारण तो त्याच आवाजात पुढं बोलत होता.

"खालचा बोल्ट मीच ठेवला होता, अक्का."

मी ऐकलं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

खंडेनवमीच्या संध्याकाळी शिवराज केळीचे खांब आणायला गेला होता. श्रीकर पुढचा ब्रेक बसवत होता. चाकाच्या डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग असतो, कॅलिपर. तो दोन बोल्टांवर बसतो. वरचा टॉर्क रेंचनं आवळून झाला होता. रेघही ओढली होती. खालचा बोटानं चढवला होता. तेवढ्यात आई आली. अस्कं साहित्य दे, मुहूर्त जातोय. अस्कं म्हणजे सगळं, आमच्या बोलीत. हा म्हणाला, थोडं काम राहिलंय. आई म्हणाली, उद्या उत्तरपूजा झाली की कर, देवी का तुझ्यासाठी थांबणार?

त्यानं पाने दिले. उद्या सकाळी उठून आधी तेच करायचं ठरवलं. शिवराज इतक्या पहाटे जाईल हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला तेव्हा अंगणात चिरडलेली लिंबं होती.

रानात खालचा बोल्ट गळून पडला. कॅलिपर वळला आणि चाकाच्या तारांत घुसला.

"अण्णा रेघ बघतो नेहमी," श्रीकर म्हणाला. "निघायच्या आधी बघतोच. का नाही बघितली?"

"अजून कुणाला ठाऊक आहे?"

"प्रतापला. त्यानं बघितलं होतं. मला काही बोलला नाही कधी. आईला सांगू नको."

"नाही सांगत."

"मी शर्यतीला जाणार."

तेव्हा मला कळलं. ह्याला शर्यत नको होती. ह्याला तो धक्का हवा होता, ज्यात बोल्ट मान टाकतो. आणि शेडमधला जो कोण होता तो दर दुपारी त्याचीच तयारी करत होता. मुद्दाम की नकळत, ते मला माहीत नव्हतं.

एक भाऊ गेला. दुसरा मी देणार नव्हते. शिवराजलाही नाही.

मी खूप विचार केला असं नाही. एवढंच डोक्यात आलं की शिवराज टक् ऐकल्याशिवाय थांबत नसे. आणि टक् वाजवणारं हत्यार कपाटात, अर्ध्या पूजेत अडकलेलं. बाकी आवाज त्यानं कुठूनही आणला असेल. टक् त्याला मिळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघरात गेले. आई वाती वळत होती.

"आई, किल्ली दे."

"कशाला?"

"उत्तरपूजा करायची आहे."

"वेड लागलं तुला? ती वेळ गेली."

"वेळ गेली, हत्यार आहे. किल्ली दे नाहीतर काच फोडते. तुला माहीत आहे मी फोडीन."

आईनं वात खाली ठेवली.

"मला ऐकू येत नाही असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "रोज येतं. पडल्या पडल्या ऐकते."

किल्लीसाठी पुढं केलेला हात मी मागे घेतला.

"तुला एक सांगटलें नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "त्या दिवशी मी टिळे लावत होते. पुढच्या चाकाजवळ, खालच्या बोल्टाला कुंकू लावताना... बोटाबरोबर तो फिरला."

वाती वळणारी बोटं तिनं माझ्यापुढं धरली. जसं काही त्यांच्यावर अजून दिसेल.

"मला वाटलं, असाच असतो. मला काय कळतंय गाडीतलं? पूजा चालली होती. मी जाड टिळा लावला आणि उठले."

जाड टिळा. म्हणून शिवराजला रेघ नाही हे दिसलं नाही. त्याला वाटलं टिळ्याखाली असेल.

"श्रीकरला सांगू नको," आई म्हणाली.

मी म्हटलं, "नाही सांगत."

दोघं एका घरात राहतात. एका पानाला पान लावून जेवतात. दोघांनाही वाटतं आपणच मारलं. मधे मी बसते आणि वाढते.

आईनं किल्ली काढली. अक्षता मीच टाकल्या, मंत्र मला येत नाहीत. आईनं हत्यारं जागची थोडी उत्तरेकडे सरकवली, उत्तरपूजेला सरकवतात तशी. मग म्हणाली, "ने."

टॉर्क रेंचवरचं चंदन मी पदरानं पुसलं. काम अर्धंच राहिलं होतं, म्हणून आकडा अजून शिवराजनं लावलेलाच होता.

प्रतापसिंहाला बोलावून आधी बोल्ट पुन्हा नवे घालून घेतले, सगळे बोटानं चढवलेले. त्यानं कारण विचारलं नाही. "मी थांबू?" म्हणाला. मी म्हटलं, नको. तो एवढ्या लगबगीनं गेला की हेल्मेट विसरला.

चाकाजवळ गोणपाट अंथरून मी त्यावर रेंच ठेवला. शेडचं दार ओढून घेतलं. बाहेर पायरीवर मी आणि श्रीकर बसलो.

ऊन पांढरं झालं.

कावळा उडून गेला.

"अक्का, तू आंत जा की," श्रीकर म्हणाला.

"गप्प बस."

मग आतून...

क्रर्र. क्रर्र. टच्.

श्रीकरनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. दाराच्या फटीतून आत बघितलं. बाईकचं चाक, गोणपाट, जमिनीवर पत्र्यातून पडलेले उन्हाचे ठिपके. कुणी नाही. पण ठिपके... चाकाजवळचे ठिपके दिसत नव्हते. तिथं कुणीतरी उकिडवं बसावं, तेवढ्या जागेत.

मी तोंड उघडलं. मला बोलायचंच होतं.

"शिवा," मी म्हटलं. "तू मेलास. वाईट झालं. पण ह्याला नेलंस तर मी तुला ह्या घरात श्राद्धाचा घास ठेवणार नाही. ऐकतोस ना? आकडा लावलेला आहे. टक् झालं की थांब."

आवाज थांबला.

किती वेळ, सांगता येत नाही. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता तो मला ऐकू आला, एवढं गप्प.

मग...

टक्.

श्रीकरनं माझा हात धरला.

टक्.

थोडं थांबून, बाईकच्या दुसऱ्या बाजूनं, टक्.

असं बराच वेळ. प्रत्येक टक् नंतर एक लहानसा खंड. शिवराज रेघ ओढायचा तेवढा. मग सगळं संपलं. पत्र्यावर नखं वाजली. कावळा परत आला होता.

आम्ही आत गेलो. रेंच गोणपाटावर होता, पण मी ठेवला तसा नव्हता. दांडा फिरवून आकडा अगदी खाली आणलेला होता. काम झालं की शिवराज तसाच ठेवायचा. आतल्या स्प्रिंगला आराम मिळावा म्हणून. श्रीकर ते बघून तिथंच खाली बसला आणि रडला. खूप दिवसांनी घरात कुणीतरी रडत होतं. मला बरं वाटलं असावं.

पण मी कुणाच्या शब्दावर विसंबत नाही. मेलेल्याच्या तर नाहीच.

मी श्रीकरला म्हटलं, "आकडा लाव. सगळे तपासायचे."

बोल्ट आधीच बरोबर आवळलेला असेल तर रेंच लावताच टक् होतं. बोल्ट जराही फिरत नाही. त्यानं पहिल्याला लावला. टक्. दुसऱ्याला. टक्. एकही बोल्ट कमी नाही, जास्त नाही. मागचं चाक, हँडल, फूटरेस्ट. पुढं आला. कॅलिपरचा वरचा बोल्ट. टक्.

खालचा.

श्रीकरनं रेंच लावला नाही. त्यानं बोट लावलं.

बोल्ट फिरला.

नुसता बोटानं. सहज. बाकी सगळे शिस्तीत आवळून तो एकटा तसाच ठेवलेला.

मी मागे सरकले. श्रीकर नाही सरकला. त्या बोल्टाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "माझ्यासाठी ठेवलाय."

"म्हणजे?"

"माझं काम राहिलं होतं ना. ते मी करायचं."

त्यानं रेंच लावला. टक् झालं. पांढरी रेघ ओढली. रात्री तो आईशेजारी बसून जेवला. सांबार परत मागितलं. आई माझ्याकडे बघत राहिली.

सकाळी खालचा बोल्ट पुन्हा ढिला होता.

तो शर्यतीला गेला. निघायच्या आधी आवळून गेला. धडपणे परत आला, गुडघा फोडून, हसत. प्रतापसिंहानं त्याला दारात मिठी मारली आणि शिव्या घातल्या.

तेव्हापासून दुपारचा आवाज बंद आहे. बाकी बोल्ट जिथल्या तिथं. रेघा सरळ. फक्त खालचा. रात्री आवळून ठेवा, रेघ ओढा, आटे घट्ट धरणारं निळं औषध लावा. सकाळी बोटानं फिरतो. बोल्ट तीनदा नवा आणला. प्रतापसिंह म्हणतो कॅलिपरच बदलू. बदलला. तरी तेच.

श्रीकरला ह्याचं काही वाटत नाही. तो रोज सकाळी शेडमध्ये जातो, एक टक् करतो, बाहेर येतो. देवाला फूल वाहून यावं तसा. बोलतो, जेवतो, काम शोधतोय. लोक म्हणतात, पोरगा सावरला.

मला तेच सहन होत नाही. शिवानं त्याला माफ केलं, म्हणून हे काम रोज त्याच्या हातात देतो? की तो वाट बघतोय? एका सकाळची. श्रीकर घाईत असेल, प्रताप दारात हॉर्न वाजवत असेल, अशा एकाच सकाळची. त्याला घाई नाही. तो मेलेला आहे.

आणि दोन्ही खरं असू शकतं. भाऊ आहेत ते.

बाईक विकून टाक म्हणाल. श्रीकर विकणार नाही. मी पेट्रोल ओतून जाळायला निघाले होते. आईनं माझा हात धरला. म्हणाली, "राहू दे. तो एवढ्यासाठीच येतो." आई रोज सकाळी श्रीकरच्या आधी उठून शेडमध्ये जाऊन येते. काय करते मी विचारलेलं नाही. एकदा दारातून बघितलं. ती पुढच्या चाकाजवळ बसली होती, बोट खालच्या बोल्टाला लावून.

म्हणून मी रोज विचारते. मशीनवरून न उठता, ओरडून. "आवळलास?"

तो ओरडतो, "आवळलं!"

आज सकाळी प्रताप लवकर आला. वल्लमला काही नवा चढ केलाय म्हणे. श्रीकर हेल्मेट घालून घाईत अंगणातून जात होता. मी विचारलं. त्यानं मान हलवली.

हो म्हणून हलवली की हेल्मेटचा पट्टा ओढताना हलली, मला कळलं नाही. तोवर बाईक गल्लीबाहेर गेली होती.

मी टक् ऐकलं नव्हतं. पण मशीन चालू होती. तिच्या आवाजात गेलंही असेल.

फोन लावतेय. त्या रानात लागत नाही.

दुपार झाली आहे. जेवणं अजून झाकून ठेवलेली आहेत. आई दारात बसली आहे आणि मघापासून उजव्या हाताचं बोट पदराला पुसते आहे. मी तिला विचारलं, आज सकाळी बोल्ट कसा होता?

ती म्हणाली, आज मी गेलेच नाही.